पाचवा सहभागी

९ जुलै

मॅडमनी आज तिसरा विषयही परत केला. "यात तुमचं असं काय आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या वर्गातल्या मुलामुलींचं सगळं 'त्यांचं असं' असतं. कुणी पोहायच्या तलावाचं ॲप घेतलंय, कुणी गिटार शिकवणारं. बावीस-तेवीस वर्षांची पोरं. मी एकोणतीसची. सहा वर्षं ग्राहक सेवेच्या फोनवर लोकांच्या शिव्या खाऊन, नोकरी सोडून इथे आले. वस्तू आणि स्क्रीन माणसाला वापरता येतील अशा कशा करायच्या आणि तशा झाल्यात की नाही ते कसं तपासायचं, हे शिकायला. पहिल्या वर्षात एवढंच शिकले की वर्गात प्रश्न विचारताना मी फोनवरच्या आवाजात बोलते आणि पोरं हसतात.

घरी आले तर बाबा चिडलेले. डेपोत नव्या बसगाड्या आल्यात. जुनी बटणं गेली, चालकासमोर एक मोठी स्क्रीन बसवलीय. "तीस वर्षं गाडी चालवली, आता दरवाजा उघडायचा तर टीव्ही बघायचा," म्हणाले.

विषय मिळाला.

१४ जुलै

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "हे करा," म्हणाल्या. बाबांनी डेपो मॅनेजरकडून परवानगीही आणली. बंद गाडीत, सहा चालक, प्रत्येकी अर्धा तास. मी मागे बसून फोनवर चित्रण करणार. नियम एकच आणि भारी कठीण: सहभागी चुकला, अडला, घामाघूम झाला तरी मदत करायची नाही. नुसतं बघायचं.

आई म्हणाली, "परक्या माणसाचं ठीक आहे. बाबांनाही नाही का मदत करणार?"

"बाबा तिथे बाबा नसतील. पाचवा सहभागी असतील."

"वा," आई म्हणाली. "काय शिक्षण."

१९ जुलै

झाल्या चाचण्या. पहिला चालक आकडे वाचायला चष्मा शोधत बसला. दुसऱ्याने दरवाज्याऐवजी तीनदा वायपर चालू केले. तिसरा स्क्रीनशी भांडला, अगदी आईबहिणीवरून. चौथा आणि सहावा बरे होते, पण तेही अडखळले. म्हणजे स्क्रीन खरंच वाईट आहे. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

बाबा आले तेव्हा शर्टाला इस्त्री, केस विंचरलेले. मी सगळ्यांना वाचून दाखवते ते त्यांनाही वाचून दाखवलं: ही तुमची परीक्षा नाही, या स्क्रीनची आहे, मनात येईल ते मोठ्यानं बोला. ते गंभीरपणे "हो मॅडम" म्हणाले. मग त्यांचं जे काही झालं! दरवाजा उघडा असल्याचा लाल दिवा लागला, त्यांना दिसला नाही. हवेचा दाब कमी झाल्याची खूण आली, दिसली नाही. डाव्या बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र लावायला सांगितलं तर म्हणाले, "ते यात नाहीच." आहे म्हटलं तर नियम मोडतो, म्हणून मी गप्प. तब्बल चार मिनिटं ते शोधत होते. कानामागून घाम निघालेला मला मागून दिसत होता.

शेवटी उठताना दाराच्या दांडीवर खांदा आपटला. "म्हातारा झालो गं," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, चूक तुमची नाही. ज्याने हे बनवलं त्याची आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला! बसस्टॉपपर्यंत सोडायला आले.

२६ जुलै

आज घरात हसून हसून पोट दुखलं. चालकांच्या सुट्यांच्या मागणीबद्दल पेपरात बातमी होती. बाबांनी ती वाचली आणि डेपोत जाऊन सगळ्यांना सांगितलं, मागणी मंजूर. एकाने तर जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला. मग कुणीतरी पेपर उघडला. मोठ्या अक्षरात, ओळीच्या सुरुवातीलाच: 'नामंजूर'. आता डेपोत बाबांचं नाव पडलंय 'मंजूरशेठ'.

मी पेपर पाहिला. 'ना' अगदी कडेला, चित्राला चिकटून छापलाय. कुणाच्याही नजरेतून सुटेल. वहीत टिपून ठेवलं. वाईट मांडणीचा इतका छान नमुना शोधून सापडला नसता.

बाबा हसले नाहीत. पेपर पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेत होते.

८ ऑगस्ट

प्रेझेंटेशन झालं. बाबांचं चित्रण सगळ्यात शेवटी दाखवलं, आरशातला चेहरा पुसट करून. ते शोधतायत, शोधतायत, आणि लाल दिवा समोर ढळढळीत पेटलेला. वर्ग आधी हसला आणि मग एकदम शांत झाला. मला हवं होतं तेच. मॅडम म्हणाल्या, "रचना माणसाला कशी मूर्ख ठरवते, याचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा.

फक्त टाचणीने टोचलंच. (वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, बारीक आवाजाची. नाव मीच ठेवलंय.) "बाकीचे सगळीकडे चुकलेत. पाचव्याचं सगळं डावीकडेच का चुकलं?"

मी म्हटलं, "कारण महत्त्वाच्या खुणा डावीकडे कोंबल्यात."

"पण त्या इतर पाच जणांना दिसल्या ना?"

"तू कधी आठ तास बस चालवलीयस का?" मी विचारलं. वर्ग हसला. ती खाली बसली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२१ ऑगस्ट

आईने भुणभुण लावलीय, बाबांना डॉक्टरकडे ने. म्हणे, ताटात अर्धं जेवण ठेवून उठतात आणि पुन्हा भूक लागली म्हणतात. म्हणे, परवा शेजारच्या काकू बाजूने हात करत होत्या तर यांनी मान वळवली नाही. जूनमध्ये दोन दिवस डोकं धरून पडले होते तेव्हापासून हे असं आहे, असं तिचं म्हणणं. आईला प्रत्येक गोष्टीची सुरुवात सापडते.

शेवटी तिच्या समाधानासाठी बाबांना चष्म्याच्या दुकानात नेलं. नंबर तोच आहे, काहीही बदल नाही. बाबा खूश. मी आईला चिठ्ठी दाखवली. "घे. डोळे ठणठणीत आहेत. माणूस थकला की त्यालाच दोष द्यायचा, ही आपल्याकडची सवयच आहे."

"मी दोष देत नाहीये गं," आई म्हणाली. "मी काळजी करतेय."

मी तिला दोन्हींतला फरक समजावून सांगितला. तिलाच!

३ सप्टेंबर

बाबांना मेमो मिळाला. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा गाडी घासली. आज डावा आरसा खांबाला लागून तुटला. त्यांना गाडीवरून उतरवून ऑफिसात बसवलंय, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. तीस वर्षांत एक ओरखडा नाही आणि आता छत्र्यांच्या नोंदी.

मला कुणी काही सांगितलं नाही, मीच मेमो वाचला. 'निष्काळजीपणा' हा शब्द तीन वेळा. ज्यांनी हा आरसा इतका बाहेर काढून बसवला ते निष्काळजी नाहीत. ज्यांनी अर्ध्या तासाचंही प्रशिक्षण न देता गाडी हातात दिली ते नाहीत. बाबा निष्काळजी! जे आजही झोपायच्या आधी गॅस दोनदा बघतात.

बाबा म्हणाले, "जाऊ दे. खिडकी तर खिडकी. खरं सांगू, मलाच हल्ली जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. थकायला होतं."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. अशीच माणसं स्वतःवर घेतात.

५ सप्टेंबर

मॅनेजरला पत्र लिहिलं. चार पानं. चाचण्यांचे आकडे, तक्ते, आरशाचा कोन, स्क्रीनचे फोटो. शेवटी: 'चालकाच्या क्षमतेत कोणताही दोष आढळलेला नाही. झालेल्या घटनांचे कारण नव्या गाड्यांच्या सदोष रचनेत आहे. तरी मेमो मागे घेऊन चालकास पुन्हा कामावर घ्यावे.' खाली माझं नाव, विभागाचं नाव, विद्यापीठाचं नाव.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पानं हातात घेऊन मोजली. मग म्हणाले, "हे सगळं तू लिहिलंस?"

"मग कोण लिहिणार?"

"'दोष आढळलेला नाही' ते पुन्हा वाच."

मी वाचलं.

१७ सप्टेंबर

मेमो मागे! मॅनेजर म्हणाला म्हणे, तुमची मुलगी भारी आहे, तिच्याशी कोण वाद घालणार. युनियनने माझं पत्र फळ्यावर लावलंय. बाबा उद्यापासून गाडीवर.

आई देवाजवळ बसली होती. आनंदानं असेल.

१ ऑक्टोबर

दुसरी फेरी. माझी नवी रचना टॅबलेटवर करून नेली होती. सगळे धोक्याचे इशारे उजवीकडे आणले. तेच सहा चालक. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या मिळून एकेचाळीस चुका होत्या, आज नऊ. आणि पाचवा सहभागी: शून्य! एकही चूक नाही. लाल दिवा लागला की बाबांचं बोट लगेच तिथे.

"बघा," मी म्हटलं, "तुमच्यात काही खोट आहे का?"

"नाही ब्वा," म्हणाले, आणि मला टाळी द्यायला हात पुढे केला. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. हात भलतीकडेच गेला. दोघंही हसलो.

आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट पूर्ण बरोबर केल्यासारखं वाटतंय.

१३ नोव्हेंबर

बाबांच्या गाडीखाली एक बाई आली.

सकाळी नऊला, स्टॉपवर गाडी घेताना. तिची स्कूटर डाव्या बाजूला होती. बाबा म्हणतात, तिथे कुणीही नव्हतं. रस्ता रिकामा होता. पुन्हा पुन्हा तेच. बाई जिवंत आहे. हॉस्पिटलात नर्स आहे, रात्रपाळी संपवून घरी चालली होती. एकतीस वर्षांची.

१५ नोव्हेंबर

तिचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

बाबांची वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी एक बोट समोर धरून त्याकडे बघायला सांगितलं आणि दुसरा हात डावीकडून हळूहळू आणला. हात पार नाकासमोर येईपर्यंत बाबा "नाही, नाही" म्हणत होते. मी खुर्चीत बसून बघत होते. मदत करायची नसतेच अशा वेळी.

मेंदूच्या मागच्या भागात एक छोटा झटका येऊन गेलाय. दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर गेलीय. डोळे चांगले आहेत, म्हणून चष्म्याचा नंबर बदलला नाही.

"मग यांना कळलं कसं नाही?" आईने विचारलं.

"बहुतेकांना कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "अंधार दिसत नाही हो त्यांना. मेंदू ती जागा भरून काढतो. समोर सगळं नेहमीसारखंच आहे असं वाटतं. धक्के लागतात, चुका होतात, पण का ते समजत नाही. घरच्यांच्या लक्षात येतं बऱ्याचदा."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं.

२० नोव्हेंबर

हे केव्हा सुरू झालं ते डॉक्टरांना हवं होतं. आईने जूनमधली डोकेदुखी सांगितली. मी सांगितलं की माझ्याकडे चित्रण आहे. तारखेसकट.

त्यांनी दोन्ही चाचण्या पूर्ण बघितल्या. एका ठिकाणी थांबवून मागे घेतलं. बाबा दाराला डावा खांदा आपटतात ते. मग चष्मा काढून म्हणाले, "हे जुलैचं?"

"हो."

"आणि हे ऑक्टोबरचं. यात त्यांना सगळं दिसतंय."

"मी सगळं उजवीकडे घेतलं होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. एवढंच विचारलं, "तुम्ही नेमकं काय शिकता?"

२८ नोव्हेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं, प्रकल्प रद्द करतील. मी तयारच होते, कदाचित मला तेच हवं होतं. त्यांनी मला पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "हा सहभागी आजारी होता. म्हणजे तो आपल्या अभ्यासाच्या निकषात बसत नाही. त्याला वगळून आकडे पुन्हा काढा. पाच जणांवरही निष्कर्ष टिकतो."

टिकतो. मी काढून बघितला. बाबांची ओळ तक्त्यातून काढली, सहाव्याला पाचवा केलं. पंधरा मिनिटांचं काम.

जाताना जिन्यात टाचणी भेटली. तिला कळलंय. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "तुझे बाबा कसे आहेत?" मी उत्तर न देता खाली उतरले. ती चांगुलपणा दाखवत होती, आणि तोच सहन होईना.

६ डिसेंबर

डेपोची चौकशी. मॅनेजर, दोन अधिकारी, बाबा. मला दाराबाहेर बसवलं होतं. गरज लागली तर बोलावणार होते. दार नीट लागत नव्हतं, म्हणून सगळं ऐकू आलं.

मॅनेजर माझं पत्र वाचत होता. 'कोणताही दोष आढळलेला नाही' इथे थांबला. "या पत्रामुळे आम्ही यांना परत गाडी दिली. आम्हाला कुठे माहीत? विद्यापीठाचं नाव आहे खाली." एक अधिकारी म्हणाला, "तिच्याकडे चित्रणही आहे म्हणतात. मुलीला बोलवा आत."

मी उठलेसुद्धा.

तेवढ्यात बाबा बोलले. "तिला नका बोलावू. तिचा काही संबंध नाही. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डावीकडचं दिसत नाही ते. जूनपासून माहीत होतं. मी लपवलं. चाचणीत तिला फसवलं. ती लिहील असंच मी वागलो. दोन वर्षं राहिली होती नोकरीची, म्हटलं निभावून नेऊ."

कुणीतरी म्हणालं, "हे लिहून द्याल?"

"द्या कागद."

मला आत बोलावलंच नाही. बाहेर आल्यावर मॅनेजरने पत्र माझ्या हातात ठेवलं. "याची आता गरज नाही, ताई."

७ डिसेंबर

बाबांना बडतर्फ केलं. पोलिसांत आता वेगळं कलम लागणार, कारण जाणूनबुजून चालवली.

जूनपासून माहीत होतं! माझ्यासमोर शर्टाला इस्त्री करून बसले, आणि फसवत होते. मी वेड्यासारखी चार पानं लिहिली. 'पुन्हा वाच' म्हणाले होते. सकाळी मी त्यांना सरळ विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "तुझं नाव कागदात कुठे आलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं."

स्वयंपाकघरात आईने मला गाठलं. तिचा आवाज कधी असा ऐकला नव्हता. "त्यांना काही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंस ना तू? मग?"

मी म्हटलं, त्यांनी स्वतः लिहून दिलंय, सहीनिशी. आईला बाबांना सोवळं ठेवायची सवयच आहे.

"तुला खरंच कळत नाही," आई म्हणाली, "की कळून घ्यायचं नाही?"

मी कॉलेजला निघून आले. हे ग्रंथालयात बसून लिहितेय. पत्र अजून पिशवीत आहे.

१९ डिसेंबर

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पाचच सहभागी का?" मी म्हटलं, "एक निकषात बसला नाही." त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

वर्गात पहिली आले. एका कंपनीच्या बाई बसल्या होत्या, त्यांनी कार्ड दिलं. गाड्यांच्या स्क्रीन बनवतात.

घरी सांगितलं. बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "मला माहीतच होतं." आई आत निघून गेली.

२२ डिसेंबर

नर्सला भेटून आले. कुणाला न सांगता गेले. ती जिथे काम करायची त्याच हॉस्पिटलात, तिच्याच वॉर्डात आहे. तिच्या मैत्रिणी येता-जाता तिची उशी सरळ करतात. मला वाटलं होतं ती रडेल किंवा हाकलून देईल. ती वही घेऊन काहीतरी गणित करत होती. म्हणाली, किती दिवसांत उभं राहता येईल त्याचा अंदाज बांधतेय. इतरांना सांगायचे ते दिवस आता स्वतःला लागू होतात का बघतेय.

मी कोण ते सांगितलं. पत्र पिशवीत होतं. ते द्यायलाच गेले होते, असं मला वाटतं. निदान निघताना तसं वाटत होतं.

तिने वही मिटली. "तुमच्या वडिलांचा जबाब मला वाचून दाखवला वकिलांनी," म्हणाली. "अपघात असता ना, तर मी समजून घेतलं असतं. आमच्याकडे रोज येतात तसले रुग्ण, नजर गेलेली त्यांना कळतही नाही. पण यांना माहीत होतं. माहीत असून रोज सकाळी उठून गाडी काढली. त्याचा राग येतो मला. पायापेक्षा त्याचा जास्त येतो."

मी पिशवीचा बंद घट्ट धरून बसले होते.

"मलाही येतो," मी म्हटलं.

तिने माझा हात हातात घेतला. तिने! माझा! "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमची काय चूक त्यात? वडील कुठे सांगतात मुलींना."

बाजूच्या खाटेवरच्या आजी आमच्याकडे बघत होत्या. गोळ्यांची गाडी घेऊन एक मुलगी आली, मी पाय मागे घेतले, तिला वाट दिली. अजून पाच-सात मिनिटं बसले असेन. हवापाण्याचं बोललो.

"या पुन्हा," ती म्हणाली.

मी "हो" म्हटलं.